वर्ध्याचा घाणा आणि ढेपेचा हिशेब

‘लाकडी घाण्याचं तेल खरंच चांगलं का?’ हा प्रश्न हल्ली वाचक वरचेवर विचारतात. जाहिराती लाकडाचे गुण गातात. खरं कौतुक करण्याजोगं विज्ञान मात्र घाण्याच्या तळाशी, तेल काढल्यावर उरणाऱ्या ढेपेत आहे.

तिळाच्या पेशीत तेलाचे सूक्ष्म थेंब असतात, प्रत्येकाभोवती प्रथिनाचं वेष्टन. घाण्याची लाट, म्हणजे आतला दांडा, फिरली की पेशी फुटतात, पण तेल लगेच सुटत नाही. म्हणून तेली बेतानं पाणी शिंपडतो. दही घुसळताना स्निग्धकण एकमेकांना भिडून लोणी वर यावं, तसे हे थेंब एकवटतात. पाणी किती आणि कधी, यात पिढ्यांचं कसब आहे!

या कसबाला संशोधनाची जोड मिळाली वर्ध्यात. डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जमनालाल बजाज यांनी दिलेल्या मगनवाडीत त्याचं काम चाले. सल्लागारांत सी. व्ही. रामन आणि जगदीशचंद्र बोस होते. झवेरभाई पटेल यांनी इथे घाण्यात सुधारणा केल्या आणि ‘वर्धा घाणी’ घडली. तेलाच्या आजच्या चर्चेत त्यांचं नाव क्वचितच निघतं, याची खंत वाटते.

संघाचे सूत्रधार जे. सी. कुमारप्पा लंडनमध्ये शिकलेले हिशेब तपासनीस. १९४५ च्या ‘इकॉनॉमी ऑफ परमनन्स’मध्ये त्यांनी उद्योगाला निसर्गाच्या चक्राशी जोडलं. तो हिशेब रसायनशास्त्रातही चोख बसतो. तेल म्हणजे जवळपास सगळा कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन. हवेतून, पाण्यातून आलेला. नत्र, स्फुरद राहतात ढेपेत. गावानं तेल विकलं तर जमिनीचं फारसं काही जात नाही. बी विकलं तर जमिनीचा कस बाहेर जातो. हेक्झेन या द्रावकानं तेल काढल्यावर ढेपेत जेमतेम टक्काभर तेल उरतं, घाण्याच्या ढेपेत कितीतरी जास्त. पण ती बैलाच्या पोटातून शेणावाटे शेतात परतते.

तरीही नुसत्या ‘लाकडी’ या शिक्क्यावर विसंबू नये. घर्षणानं घाणाही तापतो. बुरशी लागलेल्या शेंगदाण्यातलं अफ्लाटॉक्सिन न शुद्ध केलेल्या तेलात उतरू शकतं. जवसाचं तेल तर लवकर खवट होतं. घाणेवाल्याला तीन गोष्टी विचाराव्यात: बी कसं निवडलं, तेल कधी काढलं आणि ढेप कुठे जाते? पहिल्या दोन उत्तरांवर आपलं आरोग्य अवलंबून आहे, तिसऱ्यावर शेताचं. नवा घाणा टाकणाऱ्या तरुण उद्योजकानं तिसरं उत्तर बाटलीवर अभिमानानं छापावं.