उतारवयातील शरीराचा पहारा

नागीण हा रोग आपल्यापैकी बहुतेकांनी घरातील वा शेजारच्या एखाद्या वडीलधाऱ्या माणसास झालेला पाहिला असेल. कमरेभोवती किंवा छातीच्या एका बाजूस पाणी भरलेल्या पुटकुळ्यांचा पट्टा उठतो आणि आग अशी होते की अंगावर सदरादेखील सोसवत नाही. गेरूचा लेप लावावा, नागीण उतरवणाऱ्या जाणत्याकडे न्यावे, आणि नागिणीचे तोंड व शेपटी एकमेकांस मिळाली तर रोगी दगावतो, अशी समजूत आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. वस्तुतः हा पट्टा एका मज्जातंतूच्या वाटेने जातो आणि तो मज्जातंतू शरीराच्या मध्यरेषेपाशी संपतो. तेव्हा तोंड व शेपटी सहसा मिळतच नाहीत. उतरवणाऱ्याचे श्रेय मात्र अबाधित राहते!

पण ही नागीण बहुधा वृद्धांच्याच वाट्याला का यावी? एडगर होप-सिम्पसन नावाचे एक डॉक्टर इंग्लंडातील सायरन्सेस्टर या लहानशा गावी सामान्य रोग्यांना औषधपाणी करीत असत. त्यांनी सोळा वर्षे आपल्या रोग्यांतील नागिणीची नोंद चिकाटीने ठेवली. दहा वर्षांखालील मुलांत तिचे प्रमाण वर्षाला हजारी एकाहूनही कमी, तर ऐंशीच्या घरातील माणसांत हजारी सुमारे १० असे आढळले. १९६५ साली त्यांनी आपला सिद्धान्त मांडला. लहानपणी कांजिण्या येऊन जातात, परंतु त्यांचा विषाणू जात नाही. तो पाठीच्या कण्याजवळच्या मज्जातंतूंच्या गाठींत दडून बसतो. शरीराचा पहारा कडक आहे तोवर तो गप्प असतो. पहारा ढिला पडला की त्याच मज्जातंतूच्या वाटेने तो कातडीवर येतो. पुढील संशोधनाने हे म्हणणे खरे ठरविले.

आता पहारा ढिला का पडतो ते पाहू. छातीच्या मधल्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी असते. मराठीत तिला यौवनलोपी ग्रंथी म्हणतात, आणि ते नाव फार समर्पक आहे, कारण वयात आल्यानंतर ती झडत जाते व तिच्या जागी चरबी साचते. १९६१ साली जाक मिलर यांनी लंडन येथे नवजात उंदरांच्या शरीरातून ती काढून पाहिली, तेव्हा त्या उंदरांची प्रतिकारशक्तीच खचली. तोवर या ग्रंथीला फारसे महत्त्व कोणी दिले नव्हते. ही ग्रंथी म्हणजे टी-पेशी नावाच्या पांढऱ्या पेशींची शाळा होय. परके कोण व आपले कोण हे येथे शिकविले जाते, आणि आपल्याच शरीरावर उठणाऱ्या किंवा काहीच न ओळखणाऱ्या पेशी येथेच नष्ट होतात. शंभरांतील नव्वदांहून अधिक अनुत्तीर्ण! इतका कडक निकाल आम्हां शिक्षकांपैकी कोणीही लावलेला नाही. उतारवयात या शाळेतील नवी भरती अगदीच रोडावते. पूर्वी भेटलेल्या शत्रूंना ओळखणाऱ्या जुन्या पेशी असतात, पण त्याही पुनःपुन्हा विभागून थकतात. आणि अनोळखी शत्रूसाठी कोऱ्या पेशी फारशा उरत नाहीत. २०२० साली कोविडची साथ पसरली तेव्हा वृद्धांचे अधिक बळी गेले, त्याचे हे एक कारण.

हे ऐकून कोणासही वाटेल की प्रतिकारशक्ती वाढविली म्हणजे झाले. परंतु गोष्ट इतकी सरळ नाही. हीच यंत्रणा उतारवयात एकीकडे मंदावते आणि दुसरीकडे विनाकारण तापलेली राहते. बोटात काटा रुतला तर ती जागा लाल होते, सुजते, गरम लागते, ठणकते. हा दाह उपकारक असतो व काम संपताच शमतो. म्हातारपणी मात्र राखेखाली निखारा राहावा तसा मंद दाह सर्व शरीरात टिकून राहतो. बाहेरून काही दिसत नाही; रक्त तपासले तरच त्याच्या खुणा सापडतात. इटलीतील शास्त्रज्ञ क्लाउदियो फ्रान्चेस्की यांनी २००० साली दाह व वार्धक्य हे शब्द जोडून या स्थितीचे नामकरण केले. विभागणे थांबलेल्या, पण न मरणाऱ्या जीर्ण पेशी दाहक द्रव्ये सोडीत राहतात. पोटावरची चरबी, हिरड्यांचा जुनाट रोग आणि धूम्रपान त्यात भर घालतात. रक्तवाहिन्यांचे विकार, मधुमेह, स्नायूंचे झडणे यांच्याशी या धगीचा संबंध आहे.

मग ही धगच विझविली तर? हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या दहा हजारांहून अधिक रोग्यांवर असा प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. दाह शमविणारे औषध टोचल्याने, कोलेस्टेरॉल कमी न होताही, पुढचे झटके कमी झाले. परंतु त्याचबरोबर जीवघेण्या जंतुसंसर्गाचे प्रमाण थोडे वाढले. आग विझविताना पहारेकऱ्याचा कंदीलही मालवला गेला, असे म्हणा. म्हणूनच प्रतिकारशक्ती वाढविण्याची हमी देणाऱ्या चूर्णांच्या जाहिराती मला पोकळ वाटतात. यंत्रणेचा कोणता भाग वाढवावा आणि कोणता आवरावा, हे त्या डबीवर लिहिलेले नसते.

नागिणीपुरता मात्र खात्रीचा उपाय निघाला आहे. २०१७ साली अमेरिकेत मान्य झालेली लस पन्नाशीनंतर दोन वेळा टोचतात. मंदावलेल्या पेशींना डिवचण्यासाठी तिच्यात चिली देशातील एका झाडाच्या सालीतून काढलेले द्रव्य मिसळलेले असते. चाचण्यांत सत्तरी ओलांडलेल्यांनाही तिने सुमारे नव्वद टक्के संरक्षण दिले. आपल्याकडेही ती मिळते. किंमत सामान्य घरास जड वाटेल अशी आहे. चालणे-फिरणे फुकट आहे. इंग्लंडात वर्षानुवर्षे सायकल चालविणाऱ्या ५५ ते ७९ वयाच्या १२५ लोकांची तपासणी झाली, तेव्हा त्यांच्या थायमसमधून नव्या पेशी बैठ्या समवयस्कांपेक्षा अधिक निघत असल्याचे २०१८ साली प्रसिद्ध झाले.

घरात वृद्ध माणसे असणाऱ्यांना आणखी एक सांगावयाचे आहे. ताप हेही या पहाऱ्याचेच काम असल्याने, न्यूमोनियासारखा गंभीर रोग होऊनही वृद्धांना पुष्कळदा ताप येत नाही. आजोबा अचानक असंबद्ध बोलू लागतात, आजी दोन दिवस जेवत नाही, किंवा चालता चालता पडते, एवढीच काय ती खूण. अशा वेळी तापमापकावर न विसंबता त्याच दिवशी डॉक्टरांस दाखवावे.