अंगठ्याची साक्ष

दरवर्षीं नोव्हेंबर महिना आला कीं आपण अद्याप हयात आहोंत, हें आम्हां पेन्शनरांना सरकारास पटवून द्यावें लागतें. यंत्रावर बोट टेकवावयाचें आणि यंत्रानें होकार द्यावयाचा. मागल्या खेपेस यंत्रानें माझा अंगठा तीन वेळां नाकारला. पस्तीस वर्षें खडू धरून रेषा झिजल्या असाव्यात. शेवटीं मधल्या बोटाच्या बळावर मी जिवंत ठरलों! घरीं येतांना मला हर्शेलसाहेबाची आठवण झाली.

विल्यम हर्शेल हा १८५८ सालीं बंगालांत जंगीपूर येथें अधिकारी होता. राज्यधर कोनाई नांवाच्या कंत्राटदाराशीं त्यानें रस्त्याच्या खडीचा करार केला. उद्यां हा गृहस्थ सही नाकारील, या शंकेनें त्यानें कोनाईच्या तळहातास शाई लावून कराराच्या पाठीवर ठसा घेतला. हेतु केवळ धाक घालण्याचा होता. शास्त्र मागाहून आलें. पुढें वर्षानुवर्षें ठसे जमवून त्यानें पाहिलें, तों माणूस वाढतो, थकतो, पण बोटांवरील रेषांची ठेवण पालटत नाहीं. १८७७ सालीं हुगळी येथें तो पेन्शनरांचे ठसे घेऊं लागला, कारण मेलेल्या पेन्शनराच्या नांवें तोतये पैसे उचलीत.

परंतु हजारों ठशांतून हवा तो शोधावा कसा? बंगालचे पोलीस-प्रमुख एडवर्ड हेन्री यांच्या हाताखालीं अझीझुल हक व हेमचंद्र बोस यांनीं ही अडचण सोडविली. आपल्याकडे बायका बाळाच्या बोटांवरील शंख-चक्रें मोजतात, तसेंच हें. प्रत्येक बोटावर चक्र आहे कीं नाहीं एवढेंच पाहिलें, तरी दहा बोटांचे दोनाचा दहावा घात, म्हणजे १०२४ प्रकार होतात. तितके कप्पे केले कीं शोध सोपा झाला. १८९७ सालीं कलकत्त्यास ठशांची कचेरी निघाली. पद्धतीस नांव मात्र हेन्रीचें पडलें. हें मला कधींच रुचलें नाहीं.

त्याच वर्षीं जलपैगुरी जिल्ह्यांत चहाच्या मळ्याचा व्यवस्थापक गळा चिरलेला आढळला. पैसे नाहींसे झाले होते. संशय अनेकांवर होता : स्वयंपाकी, मळ्यांतले मजूर, त्या भागांत फिरणारी काबुली टोळी. मयताच्या कागदांत एक बंगाली पंचांग होतें व त्यावर दोन तपकिरी डाग होते. एका डागांत अंगठ्याच्या रेषा दिसत होत्या. कलकत्त्याच्या कचेरींत तो ठसा कांगाली चरण या जुन्या नोकराच्या उजव्या अंगठ्याशीं जुळला. याच धन्यानें पूर्वीं त्याला चोरीबद्दल शिक्षा करविली होती, म्हणून त्याचे ठसे दप्तरीं होते. डाग सस्तन प्राण्याच्या रक्ताचे आहेत, असें सरकारी रसायन-परीक्षकानेंहि सांगितलें.

एवढें झाल्यावर फांशी ठरलेलीच, असें आपणांस वाटेल. पण १८९८ सालीं न्यायालयानें चरणला चोरीबद्दल दोषी धरिलें, खुनाबद्दल नाहीं. वार करतांना त्यास कोणीं पाहिलें नव्हतें. ठसा म्हणत होता, ‘हा अंगठा या पंचांगास लागला.’ सुरी कोणाच्या हातांत होती, हें ठसा सांगत नव्हता. चरणनें खून केला असेल, असें मलाहि वाटतें. तरी त्या पंचांच्या जागीं मी असतों, तर माझाहि हात अडखळला असता. १९०५ सालीं लंडनच्या डेप्टफर्ड भागांतील खटल्यांत पेटीवरील अंगठ्याच्या ठशाच्या जोडीस इतर साक्षीपुरावा होता; तेथें दोघां भावांस फांशी झाली.

१८९९ सालीं पुराव्याच्या कायद्याच्या ४५ व्या कलमांत बोटांच्या ठशांचा उल्लेख आला. १ जुलै २०२४ पासून अंमलांत आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमांत हीच तरतूद ३९ व्या कलमांत आहे. दोहोंतहि तज्ज्ञाचें बोलणें ‘मत’ म्हणूनच येतें; निर्णय न्यायाधीशाचा. आणि मत चुकूंहि शकतें. २००४ सालीं माद्रिदच्या आगगाड्यांत स्फोट झाले, तेव्हां एका पिशवीवरील ठसा आपल्याकडील एका वकिलाचा आहे, असें अमेरिकेच्या एफबीआयच्या तज्ज्ञांनीं छातीठोकपणें सांगितलें. स्पेनच्या पोलिसांस तें पटलें नव्हतें. वकिलास अटकेंत ठेवण्यांत आलें. पुढें स्पेनच्या पोलिसांनीं तो ठसा एका अल्जीरियन माणसाचा असल्याचें दाखविलें, तेव्हां वकिलाची सुटका झाली आणि एफबीआयनें त्याची क्षमा मागितली.