बोर्डो फवारायचं की प्यायचं? वाईन टूरला जाताना आधी वेल बघा

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला सोपं जातं, त्यांच्यासाठी हा भाग लिहून देतोय. बोलताना मध्ये मध्ये आलेले 'म्हणजे' आणि 'बेसिकली' काढलेत, बाकी तसंच आहे.

बोर्डो हा शब्द तुम्ही पहिल्यांदा कुठे ऐकला? ऑफिसातल्या मित्रांना विचारलं की ते फ्रान्स म्हणतात, महागडी रेड वाईन म्हणतात. आमच्या शिरूर अनंतपाळला एखाद्या फळबागवाल्याला विचारा, तो फवारणीचा पंप दाखवेल. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी. झालं एक टक्क्याचं बोर्डो मिश्रण.

गंमत अशी की दोन्ही बोर्डो एकच आहेत. १८८० च्या दशकात बोर्डो भागातल्या द्राक्षबागांवर डाऊनी पडला होता. हो, तोच, आपल्याकडच्या बागायतदाराची पावसाळ्यात झोप उडवणारा. तिथले काही मालक रस्त्याकडेच्या ओळींवर मोरचूद आणि चुना शिंपडून ठेवायचे. डाऊनीसाठी नाही, चोरांसाठी. निळसर डाग दिसले की वाटसरू घड तोडत नसत. मिलार्डे नावाच्या प्राध्यापकांच्या लक्षात आलं, की नेमक्या त्याच ओळींची पानं शाबूत आहेत. १८८५ मध्ये त्यांनी हे मिश्रण जाहीर केलं आणि त्या गावाचं नाव जगभरच्या पंपांत गेलं.

म्हणून मी म्हणतो, वाईन टूर हे काही आपल्याला परकं प्रकरण नाही. बोर्डोला आपल्यातले किती जण जातील माहीत नाही, पण पुण्याहून शनिवारी सकाळी निघालं तर दुपारी नाशिकच्या बागेत पोचता येतं. बहुतेक लोक तिथे जाऊन थेट टेस्टिंग रूममध्ये घुसतात, ग्लासचा फोटो काढतात आणि परत येतात. माझं ऐकाल तर आधी अर्धा तास बागेत उभे राहा. ग्लासात जे येतं, त्यातलं बरंचसं तिथेच ठरलेलं असतं.

फ्रान्समध्ये थंडीत वेलीची सगळी पानं गळतात, वेल अक्षरशः झोपते. त्या काळात एकदा छाटणी. एप्रिलच्या सुमाराला डोळे फुटतात, जूनमध्ये फुलोरा, सप्टेंबरमध्ये तोडणी. आपल्याकडे तेवढी थंडीच नाही, त्यामुळे वेल झोपत नाही. तिला मोकळं सोडलं तर ती भर पावसाळ्यात घड धरेल आणि डाऊनीच्या तोंडी जाईल. म्हणून आपला शेतकरी वर्षातून दोनदा छाटतो. एप्रिलमधली खरड छाटणी फक्त काडी तयार करण्यासाठी, त्यात फळ घ्यायचंच नाही. पाऊस ओसरताना, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, दुसरी छाटणी. तिला किती छान नाव आहे बघा: गोडी छाटणी. तिथून चारेक महिन्यांनी, म्हणजे जानेवारी ते मार्चमध्ये, तोडणी. फ्रान्समध्ये वेल झोपलेली असते तेव्हा नाशिकमध्ये घड उतरत असतात. हे वेळापत्रक कुठल्या फ्रेंच पुस्तकातून आलेलं नाही. आपल्या पावसाभोवती आपल्या शेतकऱ्यांनी बसवलेली ही जुगलबंदी आहे, आणि टूरमधला गाईड ती दोन वाक्यांत उरकतो याचा मला राग येतो.

जमिनीखाली अजून एक गोष्ट आहे. वर शेनिन ब्लां, सोव्हिन्यों ब्लां, शिराझ अशा फ्रेंच जाती असल्या तरी मूळ बहुतेक वेळा दुसऱ्याच वेलीचं असतं. आपल्याकडे डॉगरिज प्रसिद्ध आहे, ते मूळचं अमेरिकेतल्या टेक्सासचं. कमी पाणी आणि खारवट जमीन सोसतं, म्हणून त्यावर कलम करतात. फ्रान्समध्येही हेच झालं. १८६० नंतर फायलोक्सेरा नावाच्या किडीने मुळं खाऊन त्यांच्या बागा उठवल्या आणि त्यांना अमेरिकन खुंटांवर कलमं बांधावी लागली. आपण 'अस्सल फ्रेंच' म्हणतो ती वेलसुद्धा बहुतेक अमेरिकन पायांवर उभी आहे.

आता आत, टाक्यांकडे. तोडणी रात्री किंवा अगदी पहाटे करतात, कारण द्राक्ष गरम झालं की सुगंध उडतो. गोडी ब्रिक्समध्ये मोजतात, आपल्याकडचे बागायतदारही तेच मीटर वापरतात. साधारण २२ ब्रिक्सच्या रसातली सगळी साखर यीस्टने खाल्ली की १२ ते १३ टक्के अल्कोहोल तयार होतं. व्हाईटसाठी रस आधी पिळून साल बाजूला काढतात, रेड मात्र सालीसकट आंबवतात. रंग सालीत असतो, गरात नाही. आंबताना उष्णता तयार होते, म्हणून स्टीलच्या टाक्यांभोवती थंड पाणी फिरत असतं. सर्व्हर रूममध्ये काम केलेल्यांना तो आवाज ओळखीचा वाटेल.

टेस्टिंगमध्ये प्रत्येक वाईन थोडीशीच देतात. ग्लास आधी पांढऱ्या कागदासमोर धरा, मग फिरवा, वास घ्या, मग एक घोट तोंडात घोळवा. 'चेरी, ओक, लेदर' असली शब्दावली पाठ करू नका, आपल्या स्वयंपाकघरातले शब्द वापरा. सोव्हिन्यों ब्लांमध्ये ढोबळी मिरची आणि पेरू सापडतो, शिराझमध्ये काळी मिरी. मिरीचा भास खरा आहे, कारण तोच वासाचा रेणू दोन्हींत असतो. तोंडाला पाणी सुटलं तर ते आम्ल, चिंचेसारखं. हिरड्या कोरड्या पडल्या तर ते टॅनिन, जास्त उकळलेल्या बिनदुधाच्या चहासारखं. एवढ्या दोन खुणांवर पहिली टूर निघते. थुंकायला भांडं ठेवलेलं असतं, ते वापरायला लाजू नका. आणि गाडी चालवणाऱ्याने चाखूच नये. २०२२ च्या जानेवारीत सुपरमार्केटमध्ये वाईन विकायचा निर्णय झाला, विरोध झाला, तेव्हा 'वाईन म्हणजे दारू नाही' हे वाक्य फार ऐकलं. रक्ताला ते वाक्य ऐकू येत नाही.

हे सगळं एकदा फोनवर काकांना सांगत होतो. त्यांनी चवीबद्दल एक प्रश्न विचारला नाही. म्हणाले, "आरं, आपल्या दोन एकरात लावली तर ही वाईनची द्राक्षं?"

खरा प्रश्न हाच आहे. नाशिकची गोष्ट भुरळ घालणारी आहे. राजीव सामंत स्टॅनफर्डला इंजिनीअरिंग शिकले, ओरॅकलची नोकरी सोडून घरच्या जमिनीवर आले, आणि २००० साली सुलाची पहिली वाईन बाजारात आली. २००१ मध्ये राज्य सरकारने वाईनसाठी धोरण आणलं, विंचूर आणि पलूसला वाईन पार्क काढले. शेतकऱ्यांनी भराभर लागवड केली. मग २००८ ची मंदी आली, माल पडून राहिला, पैसे अडकले आणि अनेकांनी वेली उपटून टाकल्या.

कारण साधं आहे. थॉमसन किंवा सोनाका लावलं आणि व्यापाऱ्याने भाव पाडला, तर दुसरा व्यापारी आहे, निर्यात आहे, काहीच नाही तर बेदाणा आहे. वाईनचं द्राक्ष बारीक, जाड सालीचं, बियांचं. बाजारात पाटी मांडून बसलात तर कोण घेईल? त्याला गिऱ्हाईक एकच: वायनरी. त्यात तोडलेला माल थंड असतानाच पोचला पाहिजे आणि आमच्या गावापासून नाशिक चारशे किलोमीटरच्या वर. अकलूजला फ्रॅटेली आहे, ते त्या मानाने जवळ, तरी शेजारचं नाही. काकांना मी एवढंच सांगितलं, की आधी लेखी करार, किती वर्षांचा, कुठल्या ब्रिक्सला काय दर, आणि कंपनीने माल उचलला नाही तर काय, हे कागदावर बघा. रोप त्यानंतर. आणि ज्या लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथे ठिबकचा हिशोब तर सगळ्यात आधी.

तुम्ही टूरला जाल तेव्हा जानेवारी ते मार्चमध्ये जा, म्हणजे घड दिसतील. गाईडला एक प्रश्न माझ्याकडून विचारा: ही द्राक्षं कंपनीच्या बागेतली की शेतकऱ्याकडून घेतलेली, आणि शेतकऱ्याकडून असतील तर करार किती वर्षांचा? उत्तर मिळालं तर मला व्हॉइस नोट पाठवा, काकांना ऐकवतो.

पुढच्या भागात तासगाव आणि बेदाणा. भेटू.