दूरध्वनी विस्तार क्रमांकाचे पृथक्करण

दूरध्वनी विस्तार क्रमांकाचे पृथक्करण म्हणजे लिहिलेल्या दूरध्वनी क्रमांकातून बाहेरील जोडणीचा क्रमांक आणि कार्यालयातील अंतर्गत क्रमांक वेगळे काढण्याची संगणकीय क्रिया होय. त्यासाठी सहसा रेग्युलर एक्सप्रेशन, म्हणजे अक्षरांच्या व अंकांच्या मांडणीचा नमुना सांगणारे सूत्र, वापरले जाते. या संकल्पनेचा गणिती पाया स्टीफन क्लीनी यांनी १९५० च्या दशकात घातला, तर केन थॉम्पसन यांनी १९६८ च्या सुमारास ती मजकूर शोधण्याच्या कामी आणली.

विद्यापीठे, रुग्णालये, साखर कारखाने अशा मोठ्या संस्थांत बाहेरून येणाऱ्या जोडण्या मोजक्या असतात. आतील प्रत्येक टेबलाला तीन-चार अंकी विस्तार क्रमांक दिलेला असतो. तो सार्वजनिक क्रमांकाचा भाग नसतो. आंतरराष्ट्रीय ई.१६४ मानक क्रमांकाला जास्तीत जास्त १५ अंकांची मर्यादा घालते, त्यातही विस्तार धरलेला नाही.

अहमदनगर जिल्ह्यातील क्रमांकरचना

पृथक्करणाला आधार मिळतो तो भारतीय क्रमांकांच्या ठरावीक लांबीचा. सुरुवातीचे शून्य वगळता एसटीडी संकेतांक आणि स्थानिक क्रमांक मिळून दहा अंक होतात. अहमदनगर (अहिल्यानगर) शहराचा संकेतांक ०२४१ असल्याने तेथील स्थानिक क्रमांक सात अंकी आहेत. राहुरीचा संकेतांक ०२४२६ आहे, म्हणून तेथे सहा अंकी.

जिल्ह्यातील उरलेले संकेतांक दोन गटांत पडतात. जामखेड (०२४२१), श्रीरामपूर, कोपरगाव, अकोले, संगमनेर, राहुरी, नेवासा, पाथर्डी आणि शेवगाव (०२४२९) हा सलग गट आहे. दुसऱ्या गटात श्रीगोंदा (०२४८७), पारनेर (०२४८८) व कर्जत (०२४८९) येतात. तालुके १४ असले तरी संकेतांक १३ आहेत. राहाता तालुक्यातील शिर्डीला कोपरगावचा ०२४२३, तर त्याच तालुक्यातील लोणीला श्रीरामपूरचा ०२४२२ लागू होतो. त्यामुळे संकेतांकावरून तालुका ठरवू नये.

नमुना

जिल्ह्यातील क्रमांकांसाठी पुढील नमुना पुरेसा ठरतो. तो येथे देवनागरी अंकांत दिला आहे.

^(०२४१|०२४२[१-९]|०२४८[७-९])[- ]*([०-९]+)(?:[ ,]*(?:विस्तार|एक्स्टेंशन|अंतर्गत)(?: क्र(?:\.|मांक))?[ .:]*([०-९]+))?$

पहिल्या कंसात संकेतांक, दुसऱ्यात स्थानिक क्रमांक आणि शेवटच्या कंसात विस्तार येतो. ‘०२४२६-१२३४५६ विस्तार क्र. ३१२’ या काल्पनिक नोंदीतून ०२४२६, १२३४५६ आणि ३१२ असे तीन भाग मिळतात. (भारतात १ ने सुरू होणारे क्रमांक ११२, १०८ यांसारख्या विशेष सेवांसाठी राखीव असल्याने हा क्रमांक कोणाचाही असू शकत नाही.) दहा अंकांची मोजणी मात्र नमुन्यात न कोंबता नंतर वेगळी करणे सोपे जाते.

तिसऱ्या संकेतगटात सर्व अंकांऐवजी फक्त ७ ते ९ का, असा प्रश्न पडू शकतो. ०२४८२ हा जालन्याचा संकेतांक आहे. नमुना सैल ठेवल्यास जालन्याचे क्रमांक या जिल्ह्यात मोडतील. शेवटचे डॉलर चिन्हही तितकेच आवश्यक आहे. ते नसेल तर ‘एक्सटेन्शन’ असे वेगळ्या रीतीने लिहिलेले लेबल नमुन्याला ओळखता येत नाही आणि विस्तार गळून पडतो, पण क्रमांक बरोबर म्हणून स्वीकारला जातो. चिन्ह असल्यास नोंद सरळ नाकारली जाते व तपासता येते.

अनेक कार्यक्रम अंकांखेरीज सर्व काही आधीच पुसून टाकतात. ही सवय घातक आहे. वरील नोंद तशी पुसल्यास ०२४२६१२३४५६३१२ उरते. शून्याच्या जागी देशाचा ९१ घातला की नेमके १५ अंक होतात, म्हणजे ई.१६४ ची लांबीची चाचणीही ही चूक पकडू शकत नाही.

तिरकी रेघ

मराठी दूरध्वनी सूचींत ‘०२४२६-१२३४५६/५७/५८’ अशी नोंद सर्रास आढळते. येथे ५७ व ५८ हे विस्तार नसून लगतच्या जोडण्या आहेत. शेवटचे दोन अंक बदलून १२३४५७ आणि १२३४५८ असे वाचायचे असते. त्यांना विस्तार मानल्यास संस्थेच्या दोन जोडण्या सूचीतून नाहीशा होतात. रेघेनंतरचे अंक आधीच्या शेवटच्या अंकांना क्रमाने पुढे नेत असतील तर ती पर्यायी जोडणी समजावी. ‘०२४१-१२३४५६७/२३१’ यात तसा क्रम नाही, म्हणून विस्ताराची शक्यता अधिक; तरी निर्णय माणसावर सोडलेला बरा.

देवनागरीतील अडचणी

‘कोणताही अंक’ दर्शवणारे संक्षिप्त चिन्ह (उलटी तिरकी रेघ व रोमन डी) पायथन ३ मध्ये देवनागरी अंकांनाही लागू होते. जावास्क्रिप्टमध्ये ते होत नाही आणि जावातही खास सूचना दिल्याशिवाय होत नाही. त्यामुळे एकच सूची एका संगणकावर नीट वाचली जाते, तर दुसऱ्यावर रिकामी येते. सर्व अंक आधी एकाच लिपीत आणणे हा खात्रीचा उपाय होय. त्यानंतर नमुन्यातील अंकही त्याच लिपीत असावे लागतात.

शब्दसीमेचे चिन्ह आणखी फसवे आहे. पायथनच्या मूळ संचात काना-मात्रा-वेलांटी अक्षरांत गणल्या जात नाहीत, म्हणून ‘विस्तार’ या शब्दाच्या मध्येच सीमा पडते. मराठी लेबलांसाठी हे चिन्ह टाळून मोकळी जागा किंवा विरामचिन्हे स्पष्ट लिहावीत.

वेगळा केलेला विस्तार स्वतंत्र रकान्यात साठवतात. २००४ च्या आरएफसी ३९६६ या दस्तऐवजाने दूरध्वनीच्या दुव्यात त्याच्यासाठी स्वतंत्र घटक दिला आहे. मोबाइलवर क्रमांकानंतर स्वल्पविराम देऊन विस्तार जोडल्यास थोडे थांबून तो आपोआप फिरवला जातो. मात्र जेथे फोन ऑपरेटर उचलतो, तेथे विस्तार तोंडीच सांगावा लागतो.