दहा वर्षं ‘व्हिलन’ ठरलेला वॉचमन

कॅन्सरच्या पेशींचा डेटा आज तुमच्या लॅपटॉपवर उतरवून घेता येतो, माहितीये? ‘द कॅन्सर जीनोम ॲटलास’ या अमेरिकी प्रकल्पानं ३३ प्रकारच्या कॅन्सरच्या ११ हजारांहून जास्त पेशंट्सचे नमुने तपासले आणि त्यातला बराच डेटा सगळ्यांसाठी खुला ठेवला. बायोइन्फर्मेटिक्सवाल्या एखाद्या मित्राला विचारा. निरोगी पेशी आणि ट्यूमर यांची तुलना करायची आणि ‘रेग्युलेटर’ शोधायचे, म्हणजे इतर जनुकांचे स्विच ज्यांच्या हातात आहेत अशी जनुकं. संशयितांची यादी तयार! पण यादीत नाव येणं वेगळं आणि गुन्हा सिद्ध होणं वेगळं. किती वेगळं, ते पी५३ची केस वाचली की कळतं.

१९७९ साल. एसव्ही४० नावाच्या, माकडांमधल्या विषाणूनं बिघडवलेल्या पेशींत एक प्रोटीन सापडलं. लंडनमध्ये डेव्हिड लेन, अमेरिकेत प्रिन्स्टनला आर्नॉल्ड लिव्हाइन आणि आणखी काही गटांना ते एकाच वर्षी दिसलं. वजन ५३ किलोडाल्टन वाटलं, म्हणून पी५३. (खरं वजन ४४च्या आसपास. जेलमध्ये ते हळू सरकतं म्हणून जड भासलं. गोंधळ नावापासूनच!) ट्यूमरच्या पेशींत ते ढिगानं मिळायचं. पुढे त्याचं जनुक ‘रास’ या कॅन्सरकारक जनुकाच्या जोडीनं चांगल्या पेशींत घातलं, तर पेशी बिघडल्या. झालं, आरोपी ठरला.

मग उजाडलं १९८९. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात बर्ट व्होगेलस्टीन यांचा गट मोठ्या आतड्याचे ट्यूमर तपासत होता. त्यात १७व्या गुणसूत्राचा एक तुकडा वारंवार गायब असायचा. पी५३चं जनुक नेमकं तिथलंच. उरलेली प्रत वाचली, तर तीही मोडलेली! ज्या जनुकामुळे कॅन्सर होतो, ते ट्यूमर असं हरवून का बसेल? त्याच वर्षी लिव्हाइन यांच्या प्रयोगशाळेनं धडधाकट पी५३ पेशींत घालून बघितलं. पेशींचं बिघडणं उलट रोखलं गेलं. आधीच्या प्रयोगांत वापरलेल्या प्रती मुळातच म्युटेशन झालेल्या होत्या.

१९९२मध्ये हे जनुक काढून टाकलेले उंदीर तयार केले गेले. जन्मले अगदी नॉर्मल. पण सहा महिन्यांच्या आत त्यांच्यातल्या बहुतेकांना ट्यूमर झाले. म्हणजे पी५३ हा तर वॉचमन निघाला! डीएनएला इजा झाली की पी२१सारखी जनुकं चालू करून तो पेशीचं विभाजन थांबवतो. दुरुस्ती होणारच नसेल, तर पेशीला मरायला लावतो. माणसाच्या साधारण निम्म्या कॅन्सरमध्ये तो बिघडलेला असतो. आणि तो ‘ढीग’? बिघडलेलं पी५३ पेशीत लवकर मोडीत निघत नाही, साचत जातं.

आता कल्पना करा, त्या दहा वर्षांत कुणी पी५३ बंद पाडणारं औषध पेशंटला दिलं असतं तर?

म्हणूनच यादीतल्या नावाची उलटतपासणी लागते. क्रिस्परनं जनुक तोडायचं, पेशी काय करते ते बघायचं. मग चांगली प्रत परत द्यायची आणि पेशी पूर्ववत होते का, ते बघायचं. हेच दुसऱ्या पेशींवर, मग उंदरांवर. यात वर्षं जातात, यादीला लागतात तसे दिवस नव्हे. आणि हो, प्रयोगात घालायची प्रत आधी अक्षर न् अक्षर वाचून घ्यायची.