उंबरठ्याआतले काम : बोरगाव-निपाणी पट्ट्यातील श्रम, विसावा आणि मनःस्वास्थ्य

उपजीविकेच्या कामाला दिलेला वेळ आणि झोप, घर, नातीगोती व निवांतपणा यांच्या वाट्याला उरलेला वेळ यांतील प्रमाण म्हणजे काम आणि जीवन यांचा समतोल. मराठी नियतकालिकांत हा विषय बहुधा पुण्या-बंगळुरूच्या संगणक कंपन्यांच्या निमित्ताने येतो. या दोन शहरांना जोडणाऱ्या महामार्गावरच, कर्नाटकात पण महाराष्ट्राच्या सीमेलगत, निपाणी वसलेली आहे, आणि तिच्या परिसरात दूधगंगेच्या खोऱ्यातील बोरगावसारखी मराठी-कन्नड अशा दोन्ही भाषा बोलणारी गावे आहेत. तंबाखू, विडी, माग आणि ऊस यांवर जगणाऱ्या या पट्ट्याने कामाच्या वेळेचा प्रश्न संगणक येण्याच्या कितीतरी आधी सोसला, आणि काही काळ तो धिटाईने मांडलाही. त्यामुळे त्याचा मागोवा इथूनच घेणे अधिक उचित ठरते.

कामाच्या तासांना मर्यादा असावी, ही मागणी मराठी मुलखाला नवी नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि 10 जून 1890 रोजी रविवारची साप्ताहिक सुटी मिळवली. स्वातंत्र्यानंतर 1948 च्या कारखाने अधिनियमाने दिवसाला नऊ आणि आठवड्याला 48 तासांची कमाल मर्यादा घातली. या साऱ्या कायद्यांच्या मुळाशी एक गृहीतक होते : कामाची जागा वेगळी आणि घर वेगळे, दोहोंच्या मध्ये फाटक, आणि भोंगा वाजला की कामगार त्या फाटकातून बाहेर पडणार.

निपाणीतील तंबाखूच्या वखारींना फाटक होते. पण आतल्या स्त्रियांच्या दृष्टीने भोंग्याला फारसा अर्थ नव्हता. तंबाखू कुटणे, चाळणे, निवडणे ही कामे त्या दिवसभर धुळीत बसून करीत, आणि सुटी केव्हा व्हायची हे मालकाच्या मर्जीवर ठरे. 1980 च्या सुमारास प्रा. सुभाष जोशी आणि त्यांचे सहकारी यांच्या पुढाकाराने या स्त्रिया संघटित झाल्या. ‘युगांतर’ या बंगळुरूच्या चित्रपट-समूहाने, ज्यात दीपा धनराज होत्या, त्यांच्या लढ्यावर ‘तंबाखू चाकिला ओब आली’ हा माहितीपट 1982 मध्ये केला. त्याच काळात, 1981 च्या मार्च-एप्रिलमध्ये, शेतकरी संघटनेचे शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली तंबाखूच्या भावासाठी शेतकऱ्यांनी महामार्ग अडवला आणि 6 एप्रिलच्या गोळीबारात शेतकऱ्यांचे प्राण गेले. भावाच्या त्या लढ्याची आठवण सार्वजनिक स्मृतीत ठळक राहिली, हे योग्यच झाले. परंतु वखारीतील स्त्रियांनी मजुरीबरोबरच स्वतःच्या वेळेवर आणि सन्मानावर सांगितलेला हक्क तुलनेने विस्मरणात गेला, ही या भागाच्या इतिहासलेखनातील मोठी उणीव मानली पाहिजे. मनःस्वास्थ्याच्या दृष्टीने त्या संघटनेचे मोल मजुरीवाढीपुरते नव्हते, कारण एकट्याने सोसलेला अपमान चारचौघींत बोलला गेला की तो आपल्या दैवाचा भाग न राहता बदलता येण्याजोगी वस्तुस्थिती ठरतो.

विडीची कथा याहून वेगळी, आणि प्रस्तुत विषयासाठी अधिक महत्त्वाची आहे. विडी व सिगार कामगारांसाठी 1966 मध्ये स्वतंत्र कायदा झाला आणि 1974 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला. घरी बसून विड्या वळणाऱ्यांनाही त्याने कामगार म्हणून मान्यता दिली, हे त्याचे मोठे श्रेय होय. तथापि तासांची मर्यादा, विश्रांती आणि पाळणाघर यांच्या तरतुदी ‘औद्योगिक जागे’ला लागू होत्या, आणि त्या जागेच्या व्याख्येतून खाजगी राहते घर वगळलेले होते. कारखान्यात कामगार बसवले तर सोयी द्याव्या लागतात, ठेकेदारामार्फत पाने-तंबाखू घरोघर पोचवली तर लागत नाहीत, हा हिशेब देशभरच्या विडी-उद्योगाने लवकर ओळखला, आणि विडी कारखान्यातून घरात गेली.

घरात गेलेल्या कामाला ना आरंभ उरला ना शेवट. तेंदूची पाने आदल्या रात्री भिजवायची, पत्र्याचे माप ठेवून कात्रीने ती कापायची, मांडीवरच्या सुपातली तंबाखू भरून विडी वळायची, दोरा बांधून तोंड मुडपायचे, आणि हे सारे चूल, पाणी, पोरे आणि म्हाताऱ्यांचे दुखणे यांच्या फटींतून करायचे. मजुरी हजारावर, म्हणजे वळलेल्या विड्यांच्या संख्येवर, असल्याने विसाव्याचा प्रत्येक क्षण थेट कमाईतून वजा होतो. शिवाय ठेकेदाराने नापसंत करून बाजूला काढलेल्या विड्या, ज्यांना ‘छाट’ म्हणतात, त्यांची धास्ती वेगळीच. लेकीबाळींचे हातही संख्या भरून काढण्यासाठी सुपाकडे वळतात, तेव्हा समतोल बिघडतो तो साऱ्या घराचा. 2019 च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी 299 मिनिटे, तर पुरुष 97 मिनिटे देत असल्याचे आढळले. समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉक्शील्ड यांनी 1989 मध्ये नोकरीनंतरच्या या घरकामाला ‘दुसरी पाळी’ म्हटले. विडी वळणाऱ्या स्त्रीच्या बाबतीत पहिली आणि दुसरी पाळी एकाच वेळी, एकाच खोलीत चालते.

अशा जगण्याने मनावर काय होते, याचे उत्तर केवळ तासांच्या बेरजेत सापडत नाही. रॉबर्ट कारासेक यांनी 1979 मध्ये मांडलेल्या प्रारूपानुसार, कामाची मागणी जास्त आणि त्या कामावरचे कामगाराचे नियंत्रण कमी, अशा जोडीतून सर्वाधिक मानसिक ताण उपजतो. घरबसल्या विडीत हे नियंत्रण असल्याचा भास होतो, कारण समोर मुकादम नसतो. प्रत्यक्षात पान किती मिळणार, दर काय, काम आठवड्याचे किती दिवस चालणार, यांतले काहीच कामगाराच्या हाती नसते. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये ‘बर्नआउट’ची, म्हणजे दीर्घकाळच्या कामजन्य ताणातून येणारी दमणूक, कामाविषयी वाटणारी विरक्ती आणि कार्यक्षमतेची घसरण या त्रयीची, नोंद रोग म्हणून न करता व्यवसायाशी निगडित अवस्था म्हणून केली. या भागात ती अवस्था बहुधा कंबरदुखी, डोकेदुखी आणि उडालेली झोप या तक्रारींच्या रूपानेच दवाखान्यात पोचते आणि गोळी घेऊन परतते.

पुरुषांची स्थिती वेगळी असली तरी सुखाची नाही. सीमेपलीकडच्या, महाराष्ट्रातल्या इचलकरंजीत यंत्रमागाची बारा तासांची पाळी रूढ आहे, आणि एकाच वेळी अनेक माग सांभाळताना त्यांचा अखंड खडखडाट डोक्यात घेऊनच कामगार घरी येतो. तंबाखूची जागा उसाने घेतल्यावर शेतकऱ्याला रात्रीच्या विजेच्या वेळापत्रकाप्रमाणे पाणी पाजायला शिवारात जावे लागले. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी 2021 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार, आठवड्याला 55 किंवा अधिक तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका 35 ते 40 तास काम करणाऱ्यांपेक्षा 35 टक्क्यांनी जास्त असतो, आणि बारा तासांच्या सहा पाळ्या 72 तास होतात.

मार्च 2020 च्या टाळेबंदीत माग थांबले, विड्यांची पाने येईनाशी झाली आणि पुण्या-बंगळुरूतील संगणक क्षेत्रातली मुले-मुली काम घेऊन गावाकडच्या घरी परतली. तेव्हा घरात शिरलेल्या कामाची चर्चा एकाएकी राष्ट्रीय झाली. तोवर अर्धशतक हेच भोगलेल्या स्त्रियांचा उल्लेख त्या चर्चेत जवळजवळ कुठेच झाला नाही, आणि ही गोष्ट सहज सोडून देण्याजोगी नाही. घरबसल्या कामासाठीचा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा करार 1996 चा आहे, पण भारताने त्याला अद्याप मान्यता दिलेली नाही. उलट कर्नाटकाने 2023 मध्ये कारखाने कायद्यात दुरुस्ती करून, आठवड्याची 48 तासांची मर्यादा ठेवत, दिवसाला बारा तासांपर्यंत कामाची मुभा दिली.

उपचारांच्या बाजूने पाहता कर्नाटकाची परंपरा उजळ आहे. जिल्हा पातळीवरील मानसिक आरोग्यसेवेचा देशातील पथदर्शी प्रयोग बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने 1980 च्या दशकात बळ्ळारीत केला. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने उपचार हा हक्क ठरवला, आणि ऑक्टोबर 2022 पासून 14416 या क्रमांकावर टेली-मानस ही मोफत दूरध्वनी सेवा मराठी आणि कन्नडसह अनेक भाषांत सुरू झाली. मात्र मनातले बोलायला आधी फोन हातात धरून एकटीने बसण्याइतकी मोकळी जागा आणि वेळ लागतो, आणि एका खोलीच्या घरात सूप मांडीवर असताना तो मिळत नाही. म्हणून या भागात मानसिक आरोग्याचे काम करू पाहणाऱ्यांनी पाने-तंबाखू घ्यायला स्त्रिया जिथे जमतात त्या जागी, त्यांच्याच वेळेला आणि त्यांच्याच बोलीत पोचणे आवश्यक आहे; विडीच्या हजारामागचा दर आणि छाटीचे नियम हेही त्या कामाचेच विषय आहेत.