कुतूहल जागं, तर मराठी वाचन सोपं

शाळेत इंग्रजी, मैदानावर हिंदी आणि मराठी फक्त आजीशी फोनवर बोलण्यापुरती. लखनौसारख्या शहरात वाढणाऱ्या मराठी मुलांचं हे नेहमीचं चित्र आहे. त्यांना मराठी समजते, बोलता येते, पण वाचायला दिलं की ती पुस्तक बाजूला ठेवतात. असंच राहिलं तर घरातलं मराठी पुस्तकांचं कपाट त्यांच्यासाठी कायमचं बंद होतं.

अर्धी तयारी झालेलीच आहे

हिंदी वाचणाऱ्या मुलाला देवनागरी येतेच. ‘शाळा’मधला ळ, ‘वाऱ्यावर’मधला ऱ्य, ‘चमचा’ आणि ‘चहा’ यांतल्या ‘च’चा फरक, एवढंच काय ते नवीन. म्हणून बाराखडी गिरवत बसू नका. मुलाला ज्या गोष्टीचं नवल वाटतं, तिथूनच सुरुवात करा.

शहरातच दडलेत प्रश्न

बडा इमामबाड्याचं मुख्य दालन सुमारे ५० मीटर लांब आहे आणि आत छताला आधार देणारा एकही खांब नाही. मग छत पडत कसं नाही? कमानदार छताचा भार जाड भिंतींवर उतरतो आणि वर भूलभुलैयाच्या अरुंद वाटांचं जाळं आहे. १७८४ च्या दुष्काळात लोकांना काम मिळावं म्हणून नवाब असफउद्दौलाने हे बांधकाम सुरू केलं. ही माहिती पाच-सहा सोप्या मराठी वाक्यांत लिहून द्या. उत्तर हवं असलेलं मूल ती नक्की वाचेल.

दुसरं ठिकाण म्हणजे बिरबल साहनी पुराविज्ञान संस्था. इथे कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या वनस्पतींच्या जीवाश्मांचा अभ्यास होतो. ३ एप्रिल १९४९ ला पंडित नेहरूंनी हिची कोनशिला बसवली. त्या कोनशिलेतच जीवाश्म जडवलेले आहेत! आठवडाभरातच साहनींचं निधन झालं आणि पत्नी सावित्री यांनी काम पुढे नेलं. साहनींनी नागपूर-छिंदवाडा भागात लाव्हाच्या थरांमध्ये सापडलेल्या वनस्पतींचाही अभ्यास केला होता. सह्याद्रीचा काळा दगड त्याच लाव्हाचा. सुट्टीत गावी जाताना घाटात दिसणारा दगड आणि लखनौची संस्था यांचं नातं कळलं की मूल पुढचं वाचायला स्वतःच मागेल.

फळ्यावरचं कोडं

जयंत नारळीकर १९३८ मध्ये कोल्हापुरात जन्मले, पण वाढले उत्तर प्रदेशातच, बनारसमध्ये. वडील तिथल्या हिंदू विश्वविद्यालयात गणिताचे प्राध्यापक होते. घरी राहायला आलेले मोरूमामा फळ्यावर खास जयंतसाठी गणिताचं कोडं लिहीत आणि ते सुटेपर्यंत किंवा जयंत हार मानेपर्यंत तसंच ठेवत. पुढे केंब्रिजला शिकून आलेल्या या शास्त्रज्ञाने ‘यक्षांची देणगी’सारख्या विज्ञानकथा मराठीत लिहिल्या. ‘चार नगरांतले माझे विश्व’ या त्यांच्या आत्मचरित्राला २०१४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. महाराष्ट्राबाहेर वाढूनही मराठी सुटली नाही.

असा फळा तुमच्याही घरी लावता येईल. रोज एक प्रश्न मराठीत लिहा: सरड्याचा रंग का बदलतो? गोमतीचं पाणी शेवटी कुठे जातं? उत्तर लगेच सांगू नका. ते ज्या पुस्तकात आहे, ते जवळ ठेवा.

काय वाचायला द्याल?

■ ६ ते ८ वर्षं : प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर चित्रकथा मोफत आहेत. अनेक गोष्टी हिंदी आणि मराठी दोन्हींत मिळतात. आधी हिंदीत वाचू द्या, मग तीच मराठीत. गोष्ट माहीत असल्याने शब्द अडत नाहीत.

■ ९ ते १२ वर्षं : बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघतं. जुने अंकही ऑनलाइन मोफत वाचता येतात. विज्ञान, कोडी, गोष्टी, सगळंच त्यात आहे.

■ १२ च्या पुढे : भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आणि नारळीकरांच्या विज्ञानकथा.

रोज १५ मिनिटं पुरेत. चुकलेला उच्चार मध्येच सुधारू नका, पान संपल्यावर सांगा. एक पान तुम्ही वाचा, एक मुलाला वाचू द्या. आणि आठवड्यातून एकदा व्हिडिओ कॉलवर त्याने आजीला एक नवी माहिती मराठीत वाचून दाखवावी. तिलाही ती नवीनच असेल.